एकशे बारा नंबरचा फॉर्म

कॅप्टन हे काही तिचं खरं नाव नव्हतं, पण वसतिगृहात कुणी खऱ्या नावानं हाक मारलीच तर तीच आधी इकडेतिकडे बघायची. शाळेत ती व्हॉलीबॉलच्या संघाची कप्तान होती, ही बातमी पहिल्या वर्षी कुठूनशी फुटली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आता तिसरं वर्ष चालू होतं. बॉल हातात घेऊन तीन वर्षं झाली होती, वजन अकरा किलोनं वाढलं होतं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत जाताना मधल्या वळणावर ती मोबाइल बघायचं निमित्त करून दम खायची. "नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा," असं ती स्वतःच म्हणून टाकायची, दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत.

हसण्यावारी नेता येत नव्हतं ते वेगळंच होतं. सकाळी जाग यायची, घड्याळ दिसायचं, लेक्चर किती वाजता आहे हेही ठाऊक असायचं. पण पांघरूण बाजूला सारायला हात उचलायचा नाही. ती छताकडे बघत पडून राहायची. दहा वाजायचे, अकरा वाजायचे. मग आता जाऊन काय उपयोग, असं म्हणून कूस बदलायची. असं करता करता हजेरी अडुसष्ट टक्क्यांवर आली. पंच्याहत्तरच्या खाली असलेल्याला परीक्षेला बसू देत नसत.

घरी यातलं काही माहीत नव्हतं. बाबा बस चालवायचे. डेपोतल्या सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं की मुलगी डॉक्टर होतेय, आणि डेपोतले लोक आत्तापासूनच त्यांना गुडघेदुखीवर सल्ला विचारत होते.

सामाजिक वैद्यकशास्त्राच्या मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा तिला वाटलं, झालं, आता भरले दिवस. पण मॅडमनी कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला.

"सर्व्हे आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांची शारीरिक हालचाल आणि मानसिक ताण. तुझ्या बॅचकडून भरून घ्यायचे, नंबर टाकायचे, कॉम्प्युटरवर चढवायचे. पुढच्या महिन्यात परिषद आहे, तिथे मला हे मांडायचंय. नीट केलंस तर तुझ्या हजेरीचं बघता येईल."

"बघता येईल म्हणजे, मॅडम?"

"म्हणजे बघता येईल," मॅडम म्हणाल्या आणि चष्मा लावून दुसरं काही वाचायला लागल्या.

फॉर्मवर नाव लिहायचं नव्हतं. पहिल्या पानावर व्यायामाचे प्रश्न, दुसऱ्यावर झोप, भूक, मन यांचे. कॅप्टननं ते लेक्चर संपल्यावर वाटले. मुलांनी ते भरले कसे, तर शेंगा सोलाव्यात तसे. कुणी मोबाइल कानाला लावून, कुणी उभ्याउभ्या शेजाऱ्याच्या पाठीवर कागद ठेवून. एकानं तर सगळ्या प्रश्नांना सरळ एका रेषेत वरून खाली खुणा केल्या होत्या. उदास वाटतं का? कधीच नाही. झोप लागते का? छान. भविष्याबद्दल आशा वाटते का? खूप.

कॅप्टननं स्वतःचाही फॉर्म भरला. आठवड्यातून किती दिवस व्यायाम? चार, तिनं लिहिलं. अंथरुणातून उठावंसं वाटत नाही असं होतं का? तिनं आजूबाजूला बघितलं आणि "कधीच नाही" वर खूण केली. मग तो गठ्ठ्याच्या मधोमध खुपसून टाकला. एकशे अठ्ठेचाळीस फॉर्म झाले.

दुपारी विभागातल्या कॉम्प्युटरवर ती एकेक फॉर्म चढवायला बसली. खोलीला एकच खिडकी होती, आणि तिच्यासमोर जुनी कपाटं लावून ठेवल्यामुळे उजेड दिवसाही ट्यूबलाइटचाच. शंभर फॉर्मनंतर तिला वाचायचीही गरज उरली नाही; बोटं आपोआप शून्य, शून्य, शून्य मारत होती. एकशे बारावा आला आणि बोटं थांबली.

व्यायाम: आठवड्यातून सात दिवस, रोज दोन तासांपेक्षा जास्त. झोप: तीन तास. उदास वाटतं: रोज. आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटतं: रोज. आणि शेवटचा प्रश्न, आपण नसतो तर बरं झालं असतं असं मनात येतं का. त्यापुढेही रोज. खुणा घाईच्या नव्हत्या. प्रत्येक चौकट नीट, कडेला न लागू देता भरली होती, जशी परीक्षेत भरतात. खाली समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, "हा प्रश्न शेवटी का? इथपर्यंत कोण वाचतं?"

कॅप्टननं तो कागद उचलला आणि सरळ मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

मॅडमनी तो वाचला. दोनदा वाचला, हे कॅप्टननं पाहिलं. मग त्यांनी तो उलटा ठेवला.

"कुणीतरी चेष्टा केली असेल."

"चेष्टा करणारे असं लिहीत नाहीत, मॅडम. चेष्टा करणाऱ्यांचे फॉर्म मी बघितलेत."

"हे बघ, आपण नाव विचारलेलं नाही. गुप्त राहील असं वर छापलंय. आता शोधत फिरायचं म्हणजे दिलेला शब्द मोडला." त्यांनी उलटा कागद बोटानं कडेला सारला. "आणि दुसरं असं की हा आकड्यांतही बसत नाही. व्यायाम जास्त तिथे ताण कमी, असं सगळीकडे येतंय. हा एकटाच उलटा आहे. काढून टाक."

"काढून टाकू?"

"एकशे सत्तेचाळीस धर. आणि नोटीस बोर्डावर मानसोपचार ओपीडीच्या वेळा लाव. मोठ्या अक्षरात." कॅप्टन हलली नाही तेव्हा त्यांचा आवाज जरा उतरला. "आम्हीसुद्धा यातूनच गेलोय ग. तेव्हा कुणी फॉर्मसुद्धा भरून घेत नव्हतं."

कॅप्टननं नोटीस लावली. ओपीडी नंबर चौदा, कँटीनच्या अगदी समोर. तिथल्या बाकावर कोण बसलंय हे चहा पिणाऱ्या प्रत्येकाला दिसायचं, आणि तिथले सर अंतिम परीक्षेत तोंडी घ्यायचे. त्या बाकावर बॅचमधलं कुणी बसेल हे म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवण्यातलं होतं. तिनं फॉर्म काढून टाकला नाही. घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवला.

शोधायचं नाही, असं मॅडम म्हणाल्या होत्या. पण शोधायला होतंच काय? साऱ्या बॅचमध्ये रोज दोन तास अंग हलवणारं माणूस एकच होतं, आणि ते कॅप्टनच्या खिडकीतून रोज दिसायचं.

तिला सगळ्या हरणी म्हणायच्या. तळमजल्यावरच्या टोकाच्या खोलीत राहायची. बॅचमध्ये तिसरी. उंच, सडपातळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. वसतिगृहाचं फाटक सातला उघडायचं आणि रस्त्यापलीकडचं मैदान पार्किंगसाठी अर्धं खणून ठेवलेलं. म्हणून ती पहाटे साडेपाचपासून आठपर्यंत आतल्या चौकातच पळायची. पाण्याची टाकी, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, उभ्या केलेल्या स्कूटी, पुन्हा टाकी. तिन्ही बाजूंनी चार मजले, चौथ्या बाजूला फाटक. कॅप्टन पांघरुणातून तिच्या पावलांचा आवाज ऐकायची आणि मनात म्हणायची, काय नशीबवान आहे पोरगी, उठता तरी येतं हिला. आज पहिल्यांदा तिच्या डोक्यात आलं, की घाण्याचा बैलही रोज चालतोच की.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन उठली. कशी उठली ते तिचं तिलाच ठाऊक. पाय जमिनीवर टेकवायला वीस मिनिटं लागली. शाळेतले बूट पायात जाईनात, म्हणून चपला घालूनच खाली गेली आणि हरणीच्या मागे पळायला लागली. तिसऱ्या फेरीला तिच्या छातीचा भाता झाला. चौथ्या फेरीला ती टाकीला धरून वाकली. हरणी शेजारून गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली.

"चपला घालून पळू नकोस, घोटा मुरगळेल," पाचव्या वेळी ती न थांबता म्हणाली. त्या दिवशी तेवढंच बोलणं झालं.

त्याच्या पुढच्या दिवशी कॅप्टननं काय काय बोलायचं ते मनाशी घोकून ठेवलं होतं. पण पळणाऱ्या माणसाला काय विचारणार? जवळ येईपर्यंत वाक्य जुळायचं, आणि जुळेपर्यंत ती स्कूटींच्या पलीकडे गेलेली असायची. कॅप्टन नुसती पायरीवर बसून राहिली. तिनं मोजायला सुरुवात केली, आणि नव्वदच्या पुढे सोडून दिलं. शेवटच्या फेऱ्यांत हरणी लंगडत होती. एकदा तिनं भिंतीला हात लावून कोरडी ओकारी काढली, तोंड पुसलं आणि पुन्हा निघाली.

तिसऱ्या दिवशी कॅप्टन टाकी आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेत जाऊन मांडी घालून बसली.

हरणी आली आणि थांबली. थांबल्यावरही जागच्या जागी पाय हलवत राहिली.

"बाजूला हो ना."

"नाही होत. पाच मिनिटं बस."

"बसता येत नाही मला."

"का?"

हरणीनं फाटकाकडे बघितलं. अजून बंदच होतं. "थांबलं की येतं," ती म्हणाली.

"काय येतं?"

हरणीची नजर फाटकावरच होती. कॅप्टननं खिशातून घडी काढली आणि उलगडून तिच्यापुढे धरली. हरणीनं आपल्याच पेन्सिलीचं अक्षर पाहिलं आणि तिचे पाय एकदम हलायचे थांबले. इतके दिवस तिला कुणी असं स्थिर उभं पाहिलं नसेल.

"नाव नव्हतं त्याच्यावर," ती म्हणाली.

"नव्हतं. पण सात दिवस दोन तास पळणारी दुसरी कोण आहे इथे? बाकीच्यांचा व्यायाम म्हणजे कँटीनपर्यंत."

हसेल असं वाटलं होतं, ती हसली नाही. भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. बसल्यावर तिनं दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून धरले.

"मॅडमनी वाचलं?"

"वाचलं. चेष्टा असेल म्हणाल्या."

"बरं झालं," हरणी म्हणाली. मग बऱ्याच वेळानं तिनं सांगितलं, तुटक तुटक, जसं कुणी दुसऱ्याची केस सांगावी. बाबांचा दवाखाना आहे. त्याच्या दारावर बाबांच्या पाटीखाली तिच्या नावाची पाटी लावून झालीय. ती दहावीत पहिली आली तेव्हाच रंगवून घेतली होती. पदवी मिळेपर्यंत तिच्यावर कापड बांधून ठेवलंय. आई दर रविवारी ते कापड सोडून धुते आणि पुन्हा बांधते. "सुट्टीत घरी गेले की पेशंट मला विचारतात, काय डॉक्टर, कधी काढायचं कापड? सगळे हसतात. मी पण हसते. आणि मला काय दिसतं सांगू? कापड काढतायत आणि खाली पाटी कोरीच आहे."

"घरी सांगितलंस कधी?"

"काय सांगू? मार्क चांगले पडतात. पळते. तब्येत ठणठणीत. माझं काय दुखतंय म्हणून सांगू?" तिनं मान वळवली. "तू कुणाला सांगणार नाहीस ना? शपथ घे."

कॅप्टनला शपथ घेणं सोपं होतं. घेतली असती तर हरणी उठून पुन्हा पळायला लागली असती आणि तिलाही वर जाऊन पांघरूण ओढता आलं असतं.

"नाही घेत," ती म्हणाली. "आणि तुला एक सांगते. त्या गठ्ठ्यात माझाही फॉर्म आहे. त्यात मी आठवड्यातून चार दिवस व्यायाम करते आणि मला कधीच उदास वाटत नाही. धडधडीत खोटं. गेले सहा महिने मी सकाळी अंथरुणातून उठलेले नाही. तुला गाठायला म्हणून तीन दिवस उठले."

हरणीनं तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. सात झाले होते. दोघीही उठल्या नाहीत.

चौदा नंबरात जायला हरणी मेली तरी तयार नव्हती. तिथले सर तिच्या बाबांचे वर्गमित्र होते. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक सरकारी रुग्णालय होतं, तिथे मंगळवारी मानसोपचाराच्या एक डॉक्टरबाई बसायच्या. आज सोमवार. पुढच्या मंगळवारपर्यंत थांबायला कॅप्टनचं मन धजेना. पण कामाच्या दिवशी बाहेर जायचं म्हणजे रेक्टरबाईंचा पास हवा, आणि रुग्णालयाचं कारण दिलं की त्या घरी फोन लावत. नियमच होता.

"बघ, झालं," हरणी म्हणाली. "सगळीकडून बंद आहे. मी म्हटलं ना."

कॅप्टननं थोडा विचार केला. "पेशंटच्या घरी फोन लावतात. सोबत जाणारीच्या घरी नाही लावत."

दुपारी ती रेक्टरबाईंच्या टेबलापुढे उभी राहिली. पासाच्या पुस्तकात तिनं लिहिलं: जाणारी, स्वतःचं नाव. कारण, मानसोपचार तज्ज्ञांना दाखवणे. सोबत, हरणीचं नाव. हरणी दाराशी उभी होती, पायाची बोटं बुटात दुमडत.

रेक्टरबाईंनी वाचलं, चष्म्यावरून बघितलं. "तुला काय झालंय? चांगली हसतखेळत असतेस."

"म्हणूनच दाखवायचंय, बाई."

त्यांनी फोन लावला आणि टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. तिकडून आधी इंजिनाची घरघर ऐकू आली, मग बाबांचा आवाज. "हॅलो? कोण?"

"मुलींच्या वसतिगृहातून बोलतेय. तुमची मुलगी इथे आहे, तिच्याशी बोला."

कॅप्टननं सकाळपासून वाक्य ठरवून ठेवलं होतं: बाबा, साधी तपासणी आहे, सगळ्यांचीच करतात. तिनं तोंड उघडलं आणि ते वाक्य निघेचना.

"बाबा," ती म्हणाली, "मला मनाच्या डॉक्टरांकडे जायचंय."

"कसले डॉक्टर?"

"मनाचे. बाबा, मला सकाळी उठता येत नाही. किती दिवस झाले. अभ्यास होत नाही, वर्गात जात नाही मी. हजेरी गेलीय. तुम्हाला सांगितलं नाही."

ती हरणीसाठी खोटं बोलायला म्हणून आली होती. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की यातलं एक अक्षरही खोटं नाही. तिकडे इंजिनाचा आवाज बंद झाला. बाबांनी गाडी थांबवली असावी, किंवा डेपोतच असावेत. रेक्टरबाई पासाच्या पुस्तकाचं पान उगाच सरळ करत राहिल्या.

"सोबत कोण आहे?" बाबांनी विचारलं.

"मैत्रीण आहे."

"तिचा हात धरून जा. रस्ता ओलांडताना बघ." मग जरा थांबून म्हणाले, "बाई, द्या तिला पास. आणि पोरी, तिथून आलीस की मला फोन कर. मी गाडीवर असलो तरी उचलीन."

मंगळवारी त्या गेल्या. रांगेत अडीच तास बसावं लागलं आणि तेवढ्यात हरणी तीनदा उठून जिन्यापर्यंत गेली. तिन्ही वेळा कॅप्टननं तिला परत आणून बसवलं. आत जाताना हरणी म्हणाली, "आधी तू जा." कॅप्टन म्हणाली, "दोघी जाऊ." डॉक्टरबाई वयस्कर होत्या, शांत. त्यांनी आधी दोघींना एकत्र बसवलं, नाव कुणाचं नोंदवलंय हे न विचारता बराच वेळ ऐकून घेतलं, मग कॅप्टनला बाहेर बसायला सांगितलं. दार बंद झालं ते पाऊण तास उघडलं नाही.

उघडलं तेव्हा हरणीचा चेहरा सुजला होता. डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहिल्या होत्या, पळणं पूर्ण बंद सांगितलं होतं, एकटीला सोडू नका म्हणून कॅप्टनला बजावलं, आणि एक अट घातली होती: घरातल्या एका माणसाला आजच कळलं पाहिजे. कोणाला, ते तिनं ठरवायचं. हरणीनं बाकावर बसून मावशीला फोन लावला. आईला नाही, बाबांना नाही. मावशी संध्याकाळच्या गाडीनं निघाली.

कॅप्टनचीही पाळी आली. तिलाही गोळ्या मिळाल्या, दोन आठवड्यांनी यायची चिठ्ठी मिळाली, आणि रोज वीस मिनिटं चालायला सांगितलं. "तिला थांबायचं, तुम्हाला हलायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मावशी हरणीला आपल्या घरी घेऊन गेली. बाबांना कळलं तेव्हा त्यांनी मावशीला भरपूर सुनावलं, आणि हरणीशी आठ दिवस बोलले नाहीत. आईनं रोज फोन केला आणि रोज एकच विचारलं, परत कधी जाणार. पाटीवरचं कापड तसंच होतं. हरणीची ती सहामाही बुडाली.

मॅडमनी आकडे मागितले तेव्हा कॅप्टननं एकशे अठ्ठेचाळीसच दिले. स्वतःचा फॉर्मही तिनं पुन्हा, खरा भरला होता.

"मी काढ म्हटलं होतं," मॅडम म्हणाल्या.

"मला नाही काढता येत, मॅडम. तिनं चेष्टा केली नव्हती. तुम्हाला काढायचा असेल तर तुम्ही काढा."

मॅडमनी गठ्ठा ओढून घेतला. एकशे बारा काढला, समोर धरला, आणि मग पहिल्यांदाच विचारलं, "ती बरी आहे का?"

"गोळ्या चालू आहेत. झोपते आता पाच तास."

मॅडमनी मान हलवली. फॉर्म पुन्हा गठ्ठ्यात ठेवला. पण परिषदेत एकशे सत्तेचाळीस दाखवले की एकशे अठ्ठेचाळीस, ते कॅप्टनला कधी कळलं नाही, आणि हजेरीच्या कागदावर सही झाली नाही. ती परीक्षेला बसू शकली नाही. बाबांनी डेपोत काय सांगितलं कुणास ठाऊक, तिला म्हणाले, "बस लेट झाली म्हणजे रद्द झाली असं नसतं." तिला ते वाक्य ऐकून जरा रागच आला, कारण तिला अजून सकाळी उठताना तेवढीच वीस मिनिटं लागत होती.

हरणी अडीच महिन्यांनी परतली. दोघी आता खालच्या बॅचबरोबर बसणार होत्या. पहिल्या संध्याकाळी त्या चौकात चालायला उतरल्या. चारपाच फेऱ्यांतच हरणीची पावलं लांब पडायला लागली, आणि कॅप्टन मागे राहिली.

"अग, हळू," कॅप्टननं हाक मारली. "मी दमते."

हरणी थांबली. थांबून उभी राहणं तिला अजूनही जड जात होतं, ते तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. पण कॅप्टन धापा टाकत जवळ येईपर्यंत ती तशीच उभी राहिली.